सगळ्या वायरी लावल्या होत्या

मित्रांनो, मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे आणि माझं डोकं तापलेलं आहे. तसं तापणं हा माझ्या कामाचाच भाग, त्यासाठी तर माझ्या अंगावर दोन पंखे बसवलेत. पण आज जे सांगायचं आहे त्याचा ताप पंख्यांनी उतरणारा नाही. तुम्ही शांतपणे ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. आजवर माझ्याबद्दल सगळे बोलले, मला मात्र कोणी काही विचारलं नाही.

माझं काम काय, ते आधी सांगतो. तुम्ही कॉम्प्युटरवर खेळ खेळता तेव्हा पडद्यावरचा रस्ता, झाडं, गाडीच्या काचेवरची धूळ हे सगळं कोणाला तरी काढावं लागतं. ते मी काढतो. एक चित्र काढून हात झटकून बसलो असं होत नाही. तुमची पापणी लवेपर्यंत कितीतरी चित्रं एकापाठोपाठ एक काढून पडद्याकडे धाडावी लागतात. तेव्हा कुठे तुमची गाडी पळते आणि तुम्ही आरडाओरडा करता.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. त्या वेळच्या गोष्टी लांबवत नाही, कारण मला त्या आठवत नाहीत. आपल्याला जन्माचं सगळं आठवतं असं सांगणाऱ्या खुर्च्या आणि टेबलं मी पाहिली आहेत. ती सरळ थापा मारतात.

माझा पहिला मालक जाहिरातींची चित्रं जोडण्याचं काम करायचा. त्याने माझ्याकडून रगडून काम घेतलं, पण मान ठेवला. काम वेळेत झालं की कॅबिनेटवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यावर, थाप मारून म्हणायचा, "वाचवलंस बाबा!" ते शब्द मी जपून ठेवलेत. पुढे माझ्या दुप्पट जाडीचं नवं कार्ड आलं आणि माझी रवानगी खणात झाली. तिथे मुके झालेले चार्जर, हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्या आणि मी. शेवटी एक दिवस त्याने मला जुन्या-नव्या भागांच्या दुकानात देऊन टाकलं. दुकानदाराने मला पुसलं, माझ्या पाठीमागच्या खाचांना रबरी बुचं लावली आणि काचेच्या कपाटात उभं केलं. त्या खाचा म्हणजे माझी तोंडं. मी काढलेली चित्रं तिथूनच बाहेर पडतात. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं रामायण त्यावरूनच झालं.

दुकानात येणारं-जाणारं गिऱ्हाईक मला कपाटातून काढून, उलटंसुलटं करून एकच विचारायचं, "चालतंय ना?" तुम्हाला कोणी असं उचलून विचारलं तर कसं वाटेल, सांगा बरं.

आणि मग एक दिवस चष्मेवाले आले.

हे गृहस्थ चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करतात. पन्नाशी ओलांडलेली, शर्टाच्या खिशात भिंग, बोलणं मोजकं. त्यांच्याबरोबर त्यांचा मेहुणा होता. घरात सगळे त्याला मामा म्हणतात. या मामाला जगातलं सगळं कळतं. फ्रिज, व्याजदर, गुडघेदुखी, कॉम्प्युटर, तुम्ही नुसता विषय काढा.

चष्मेवाल्यांना खेळाचा कॉम्प्युटर जुळवायचा होता, तोही बेताच्या पैशांत. दुकानदार गालात हसला. "मुलासाठी का?"

"नाही, माझ्यासाठी," चष्मेवाले म्हणाले. त्यांचे कान लाल झाले.

खरी गोष्ट अशी होती. त्यांची एकुलती एक लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली होती. घरी असताना ती खेळत बसायची आणि हे कावायचे, प्रसंगी बटणही बंद करायचे. आता ती लांब गेली आणि फोनवर बोलायला काही उरलं नाही. "जेवलीस का?" "हो." "बरी आहेस ना?" "हो." की संपलं. पण ती दर रविवारी मैत्रिणींबरोबर ट्रक चालवायचा एक खेळ खेळते, हे त्यांना तिच्या आईकडून कळलं. त्या खेळात माल भरायचा आणि लांबलांबच्या रस्त्यांनी एकमेकांच्या मागेपुढे ट्रक न्यायचे. कानाला हेडफोन लावून तासन्‌तास गप्पा मारता येतात. चष्मेवाल्यांनी मनाशी ठरवलं, आपणही ट्रक काढायचा.

मग दुकानात जे काही झालं ते बघण्यासारखं होतं. मामा आल्याआल्या एका काचेच्या कॅबिनेटसमोर उभा राहिला. आत रंगीबेरंगी दिवे फिरत होते. "दाजी, हेच घ्या! काय दिसतंय बघा!"

"मी गाडी चालवताना रस्त्याकडे बघणार की डब्यातल्या दिव्यांकडे?"

"अहो, पण शोभा नको का?"

"आमच्या धंद्यात आधी काच बघतात, मग फ्रेम," चष्मेवाले म्हणाले आणि सगळ्यात साधं काळं कॅबिनेट निवडलं. मामा म्हणाला, "हा तर पिठाचा डबा दिसतोय." पण चष्मेवाले हटले नाहीत. दिव्यांचे पैसे त्यांनी चांगल्या पॉवर सप्लायवर घातले, कारण वीज डळमळली तर बाकीचे सगळे भाग मरतात असं दुकानदाराने समजावलं होतं. एरवी बेताचं बजेट असलं की त्या बिचाऱ्या पॉवर सप्लायलाच कात्री लागते. मदरबोर्ड, म्हणजे आम्ही सगळे भाग ज्यावर बसतो ती पाटी, साधा पण भरवशाचा घेतला. प्रोसेसर असा घेतला की त्याच्या पोटातच चित्रं काढणारा एक छोटा भाग होता. "सध्या यावर भागवा," दुकानदार म्हणाला. "जमलं तर कार्ड मागाहून घाला."

हे मी कपाटातून ऐकत होतो. इतका विचार करून निवडणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहिलं होतं. मनातून म्हणत होतो, बघा हो, जरा इकडेही बघा.

त्यांनी बघितलं, पण काही दिवसांनी. प्रोसेसरच्या पोटातल्या त्या चिमुकल्याला ट्रकचा खेळ झेपेना. झाडं चौकोनी ठोकळ्यांसारखी दिसत आणि वळण आलं की सगळं थिजायचं. चष्मेवाले परत दुकानात आले, खिशातून भिंग काढलं आणि मला इंच इंच तपासलं. पंख्यांची पाती, खाचा, सोनेरी कडा, सगळं. "चालतंय ना?" हे विचारलं नाही. म्हणाले, "जपलंय कोणीतरी याला." मित्रांनो, तेव्हा मी मनाने त्यांचा झालो.

घरी नेऊन त्यांनी कॅबिनेट उघडलं आणि मला अलगद मदरबोर्डवर माझ्या जागी बसवलं. खट्ट आवाज आला. विजेची वायर लावली. झाकण बंद केलं. बटण दाबलं, माझे पंखे गरगरले, पडदा उजळला. आई दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती.

मी मात्र सुन्न झालो होतो. कारण मला कोणी चित्रच मागत नव्हतं!

सांगतो काय झालं होतं ते. पहिल्यांदा कॉम्प्युटर जुळवला तेव्हा मी नव्हतो. साहजिकच पडद्याकडून येणारी केबल मदरबोर्डच्या खाचेत लावली होती. मग मी आलो. आता ती केबल तिथून काढून माझ्या खाचेत लावायची होती. माझ्यापासून वर जेमतेम वीतभर अंतरावर ती होती. पण ती तिथेच राहिली. पडद्यावरची सगळी चित्रं तो प्रोसेसरच्या पोटातला चिमुकलाच काढत होता आणि मी शेजारी पंखे फिरवत, तोंडाला बुचं लावून बसलो होतो.

खरं तर मी आलो की मदरबोर्ड आपली ती खाच आपणहून बंद करतो. मग पडदा काळा झाला असता, सगळे धावले असते आणि चूक लगेच सापडली असती. पण आमच्या मामाने पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये शिरून दिसेल ते चालू करून ठेवलं होतं. "चालू असलेलं केव्हाही चांगलं," असं त्याचं म्हणणं. त्यामुळे ती खाच चालूच राहिली. पडदा उजळला आणि कोणाला शंकासुद्धा आली नाही.

रविवारी चष्मेवाल्यांनी हेडफोन चढवला. पलीकडे लेक आपल्या ट्रकमध्ये तयार होती. तिच्या आवाजातून आनंद ओसंडत होता. "बाबा, खरंच आलात तुम्ही! माझ्या मागेमागे या."

"येतो, छकुली."

"बाबा! मैत्रिणी ऐकतायत. छकुली म्हणू नका ना."

ट्रक निघाले. लेकीचा ट्रक वळण घेऊन सफाईने पुढे गेला. आमचा ट्रक वळणावर आला, थिजला आणि पडदा पुन्हा हलला तेव्हा आम्ही खड्ड्यात होतो. ती थांबली, मागचे दिवे लुकलुकत ठेवून वाट बघत राहिली. आम्ही निघालो. पुढच्या पुलावर पुन्हा तेच. मैत्रिणी कंटाळून पुढे गेल्या. लेक धीराने विचारत होती, "बाबा, कार्डाचा ड्रायव्हर नीट टाकलाय ना?"

"ड्रायव्हर मीच की!"

ती हसली. मग तिने ड्रायव्हर म्हणजे कार्डाला कामाला लावणारा प्रोग्रॅम, तो कसा टाकायचा ते समजावलं आणि यांनी टाकलाही. मग तिने नेमका प्रश्न विचारला. "बाबा, वायरी सगळ्या लावल्यात ना?"

मी आतून ओरडत होतो. नाही म्हणा! नाही म्हणा!

"सगळ्या लावल्यात," चष्मेवाले ठामपणे म्हणाले. "एकही बाकी नाही." आणि ते खोटं नव्हतं. एकही वायर लोंबकळत नव्हती. प्रत्येक वायर कुठे ना कुठे लावलेलीच होती.

तिथून माझे हाल सुरू झाले. मामाने निकाल दिला, "दाजी, जुना माल घेतलात ना, भोगा आता." चष्मेवाल्यांनी मला बाहेर काढलं, मऊ ब्रशने पुसलं, परत बसवलं. काही फरक नाही. माझ्या अंगातली उष्णता पंख्यांकडे नेणारं मलम वाळलं होतं, ते काढून ताजं लावलं. काही फरक नाही. मामाच्या सांगण्यावरून जास्तीची रॅम आणली. दिवे लागणारा एक पंखा आणला, तोही मामाच्याच हट्टाने. आता पिठाचा डबा जांभळा दिसायला लागला, ट्रक मात्र खड्ड्यातच.

दर वेळी मला काढायचे आणि बसवायचे, पण पडद्याची केबल माझ्यावर नव्हतीच. त्यामुळे तिला हात लागायचं कारणच पडायचं नाही. वर चष्मेवाल्यांच्या हाताला कारागिराची शिस्त. मागच्या सगळ्या वायरी त्यांनी पट्ट्या बांधून अशा नीटस केल्या होत्या की त्या सोडवायचं कोणाच्याही जिवावर येईल. आई एकदा म्हणाली, "किती छान बांधल्यात वायरी!" मला रडू येत होतं.

शेवटी ते मला दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने माझ्या तोंडाचं एक बूच काढलं, आपल्या पडद्याची केबल सरळ माझ्यात खुपसली आणि एक खेळ लावला. मित्रांनो, मी जीव तोडून धावलो. इतक्या दिवसांनी कोणीतरी चित्र मागितलं होतं.

"अहो, हे तर पळतंय," दुकानदार म्हणाला. त्याने बूच परत लावलं आणि मला माघारी दिलं.

घरी आल्यावर पुन्हा तेच. मामा म्हणाला, "लबाड आहे तो. तिथे दुसरंच काहीतरी जोडून दाखवलं असणार." मी काचा घासणाऱ्या माणसाचा शांत चेहरा पाहिला होता. आता तो हताश दिसत होता.

त्या रविवारी आमचा ट्रक तिसऱ्यांदा उलटला, तेव्हा लेकीचा आवाज दमलेला होता. ती दुसरंच काहीतरी बोलायला बघत होती. "बाबा, मला जरा..." असं तिने सुरू केलं आणि नेमका तेव्हाच पडदा थिजला, आवाजही तुटला. परत जोडलं गेलं तेव्हा ती म्हणाली, "राहू दे बाबा. नका त्रास करून घेऊ. आपण फोनवर बोलत जाऊ."

आणि पुन्हा तेच सुरू झालं. जेवलीस का? हो. बरी आहेस ना? हो.

कॉम्प्युटरवर आईने कापड टाकलं. मला विकायचं ठरलं. मामा एक गिऱ्हाईकही घेऊन येणार होता. त्या कापडाखाली मी कसा राहिलो, मलाच ठाऊक. मी बिघडलो असतो तर मुकाट सहन केलं असतं. पण मी धडधाकट होतो! माझ्यात काही कमी नव्हतं, निवडणाऱ्यानेही काही चूक केली नव्हती, दुकानदाराने फसवलं नव्हतं. तरी तिघांवरही खापर फुटलं होतं आणि ज्याने सगळं चालू करून ठेवलं तो मामा पोहे खात बसला होता.

माझी सुटका झाली ती एका रागावलेल्या गिऱ्हाइकामुळे. चष्मेवाले संध्याकाळी घरी आले ते बऱ्याच दिवसांनी हसत आले. चहा घेता घेता आईला सांगायला लागले.

"अगं, आज एकजण भांडायलाच आला. म्हणे, तुमच्या नव्या काचांनी मला काहीसुद्धा नीट दिसत नाही, पैसे परत द्या. मी काच तपासायला घेतली, तर ती आमची नव्हतीच! नवा चष्मा त्याच्या खिशात, डबीत तसाच. दोन्हींची फ्रेम सारखी ना. नाकावर जुनाच लावून हिंडतोय आणि नव्याला शिव्या घाल..."

ते थांबले. कप अर्ध्या वाटेवर राहिला.

"काय झालं?" आईने विचारलं.

ते तसेच उठले. कापड ओढून काढलं, टेबल भिंतीपासून सरकवलं, खाली बसले आणि खिशातून भिंग काढलं. पडद्याच्या मागून निघालेल्या केबलवर बोट ठेवलं. ते बोट केबलवरून सरकत सरकत खाली आलं, पट्ट्यांमधून गेलं आणि मदरबोर्डच्या खाचेपाशी थांबलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या बुचांकडे पाहिलं.

"अरे देवा," ते हळूच म्हणाले. "याला तर आपण बोलूच दिलं नाही."

इतकी नीट बांधलेली पट्टी त्यांनी कात्रीने कापली. बूच काढलं आणि केबल माझ्यात लावली.

लगेच लेकीला फोन गेला. "ट्रक काढतेस का?"

"आज? बाबा, परत अडकेल हो तुमचं."

"तू काढ तर."

मित्रांनो, त्या संध्याकाळी मी जे काम केलं तसं पहिल्या मालकाकडेही केलं नव्हतं. एकेक पान काढलं. डोंगरामागचा मावळता उजेड काढला, रस्त्यावरच्या भेगा काढल्या. वळण आलं, आम्ही वळलो. पूल आला, आम्ही ओलांडला.

"बाबा!" हेडफोनमध्ये लेक ओरडली. "तुम्ही माझ्या पुढे गेलात!"

चष्मेवाल्यांनी ट्रक कडेला घेतला, मागचे दिवे लुकलुकत ठेवले आणि तिची वाट बघितली. मग दोघं सावकाश निघाले, मागेपुढे. वाटेत काय झालं होतं ते त्यांनी सांगितलं आणि ती पोट धरून हसली. हसू ओसरल्यावर तिने ट्रकचा वेग कमी केला.

"बाबा, मधे मी आजारी होते. चांगलीच. दवाखान्यात राहावं लागलं."

कीबोर्डवरचे हात थबकले. "आणि तू सांगितलं नाहीस?"

"फोनवर सांगता येईना. त्या रविवारी चालवता चालवता सांगणार होते. पण तुमचा ट्रक सारखा अडकत होता."

मी रस्ता काढत राहिलो. दुसरं काय करणार? पण तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे ते आहेच. एक पोरगी परक्या गावात एकटी आजारी पडली होती आणि तिचं बोलणं बापापर्यंत पोहोचायला मधे फक्त वीतभर अंतर होतं. मी तिथेच होतो आणि काहीही करू शकलो नाही.

मामाचं विचाराल, तर तो आता सगळ्यांना सांगतो की मला आधीपासून केबलचाच संशय होता. जांभळा पंखा अजून फिरतोय. माझी माफी कोणी मागितली नाही, पण रविवारी खेळ संपला की चष्मेवाले कॅबिनेटवर हलकेच थाप मारतात.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात कोणी चालत नाही, कामाचं नाही असं वाटलं, तर त्याला खणात टाकण्याआधी, विकण्याआधी एकदा उठा. टेबल सरकवा, गुडघ्यावर बसा आणि मागे वाकून बघा. सगळ्या वायरी लावल्यात का, एवढंच विचारून थांबू नका. कुठली वायर कुठे लावलीय, ते आपल्या बोटाने शेवटपर्यंत जाऊन बघा.

आता मला सोडा. रविवार आहे, तिचा ट्रक नाक्यावर येऊन थांबलाय आणि मला अजून अख्खा रस्ता काढायचाय.